कॉलऱ्याची साथ: रुग्णाला किती पाणी, विहिरीला किती टीसीएल

तुमची परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. पाऊस लागल्यावर आठवड्याभरात गावात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढले आणि काहींच्या तपासणीत कॉलरा निघाला. तुमच्या आईला ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावली आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. घरात बहिणीचं सात महिन्यांचं बाळ आहे. हा आजार शिवल्याने होतो का, घरातल्या सगळ्यांनी गोळ्या घ्याव्यात का, लस मिळते का, ग्रामपंचायत रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतेय तरी रुग्ण का थांबत नाहीत, आणि पंधरा दिवसांवर आलेल्या सप्ताहाची पंगत करावी का, असे तुमचे प्रश्न आहेत.

मी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नंतर तालुका पातळीवर काम केलं. पावसाळी साथींशी दरवर्षी गाठ पडली. त्या कामातून माझं एक मत पक्कं झालंय: कॉलरा हा मोजमापाचा आजार आहे. अंगातून किती पाणी गेलं आणि किती परत घातलं, यावर रुग्ण वाचतो. पाण्यात किती क्लोरीन घातलं आणि शेवटच्या नळाला त्यातलं किती उरलं, यावर साथ थांबते. या दोन ठिकाणी अंदाजपंचे काम झालं की माणसं जातात. गोळ्या, लस, फवारणी हे सगळं यानंतरचं.

आधी रुग्णाचं बोलू. कॉलऱ्याचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, तोंडावाटे पोटात जातो आणि लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून बसतो. तो आतडं पोखरत नाही, रक्तातही शिरत नाही. तो तिथे बसून विष सोडतो. कोलकात्यात डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशांच्या आतड्यावर प्रयोग करून हे विष दाखवून दिलं. या विषामुळे आतड्याच्या पेशी अंगातले क्षार आणि पाणी आतड्यात ओतत सुटतात. त्यामुळे कॉलऱ्यात सहसा ताप नसतो, पोटात मुरडा नसतो, रक्त किंवा आव पडत नाही. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, पाण्यासारखे जुलाब होतात आणि बरोबरीने उलट्या. दुखत नाही म्हणून माणूस ‘बघू सकाळी’ म्हणतो, आणि घात होतो तो इथेच. जोराचा कॉलरा असेल तर मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. रात्री दहाला जुलाब सुरू झालेला धडधाकट माणूस पहाटेपर्यंत शुद्ध हरपण्याच्या बेतात येतो.

जंतू पोटात गेलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही किंवा साधे जुलाब होऊन थांबतात. थोड्याच लोकांना जोराचा त्रास होतो. मात्र त्या थोड्यांवर उपचार झाले नाहीत तर निम्म्यापर्यंत दगावू शकतात, आणि वेळेत नीट उपचार झाले तर शंभरात एकही जाऊ नये. एकाच आजाराचे हे दोन आकडे आहेत आणि दोन्हींमधला फरक मुख्यतः पाण्याचा आणि वेळेचा आहे.

रुग्ण किती सुकलाय हे घरी ओळखता येतं. तहान लागणं, जीभ कोरडी पडणं, डोळे खोल जाणं ही पहिली पायरी. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच सपाट न होता हळूहळू मागे गेली, तर पाणी बरंच गेलंय. हातापायात गोळे येणं, आवाज खोल जाणं, बराच वेळ पाण्यात हात बुडवल्यासारखी बोटं सुरकुतणं, सहा तासांत लघवी न होणं, झोपाळू होणं, पिताच न येणं ही धोक्याची लक्षणं. मनगटाला नाडी लागत नसेल तर एक मिनिटही दवडू नका. गाडी काढा, आणि रुग्ण गिळू शकत असेल तर वाटेत ओआरएस चालू ठेवा.

गावोगाव चुकतं ते ओआरएस. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मापून पुड्या बांधल्या आणि ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातूनच पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं. यामागचं कारण साधं आहे. कॉलऱ्याचं विष आतड्याची पाणी शोषण्याची एक वाट बंद करतं, पण ग्लुकोज आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र आले की ज्या वाटेने शोषले जातात, ती वाट उघडीच राहते. पाणी त्यांच्या मागोमाग आत जातं. प्रमाण बिघडलं की ती वाट कामाची राहत नाही. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर लहान मुलाच्या रक्तातलं मीठ वाढून झटके येतात.

म्हणून पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं आणि ते अख्खं एक लिटर पाण्यात घालायचं असतं. औषधाच्या दुकानात २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात. मी अनेक घरांत मोठ्या पाकिटातली चिमूट-चिमूट ग्लासात टाकून पाजताना पाहिलंय, आणि अख्खं पाकीट तांब्यात ओतून पाजतानाही. दोन्ही चूक. पाण्याची लिटरची बाटली स्वच्छ धुवा, उकळून गार केलेलं किंवा क्लोरीन घातलेलं पाणी भरा, त्यात पूर्ण पाकीट घाला आणि ते पाणी चोवीस तासांत संपवा. उरलेलं फेकून द्या. विरघळवल्यावर उकळू नका. नावात ‘ओआरएस’ असलेली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पेयांच्या नावात हा शब्द वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, पण दुकानदाराने काय हातात ठेवलं ते तुम्हीच तपासा. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पेज, पातळ ताक, नारळपाणी चालतं, पण ते ओआरएसच्या जोडीला. नुसतं नारळपाणी किंवा नुसता चहा देऊन कॉलऱ्याचा रुग्ण सावरत नाही.

किती पाजायचं? मध्यम सुकलेल्या रुग्णाला चार तासांत वजनाच्या प्रत्येक किलोमागे ७५ मिली. पन्नास किलोच्या बाईला म्हणजे पावणेचार लिटर. आकडा ऐकून घरचे दचकतात, पण तेवढं बाहेर गेलेलं असतं. त्यानंतर प्रत्येक जुलाबामागे दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्या माणसाला मागेल तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. ‘पोटात राहतच नाही’ म्हणून बंद करू नका. उलटीतून पडतं त्यापेक्षा आत राहणारं जास्त असतं.

आता सलाईन. ‘दोन बाटल्या चढवल्या’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर थांबायलाच हवं. गंभीर सुकलेल्या मोठ्या माणसाला रिंगर लॅक्टेट, ज्याला आम्ही आरएल म्हणतो, किलोमागे १०० मिली लागतं. त्यातलं ३० मिली पहिल्या अर्ध्या तासात आणि उरलेलं ७० मिली पुढच्या अडीच तासांत. पन्नास किलोच्या माणसाला तीन तासांत पाच लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दहा बाटल्या. पहिल्या तीन अर्ध्या तासातच. एका सुईतून हे होत नाही, दोन्ही हातांना लावावं लागतं. एक वर्षाखालच्या बाळाला तेवढंच प्रमाण, पण सावकाश: पहिला भाग एका तासात, दुसरा पाच तासांत. नुसतं पाच टक्के डेक्स्ट्रोज इथे उपयोगाचं नाही, त्यात क्षारच नसतात. आरएल नसेल तर नॉर्मल सलाईन चालते, मात्र ओआरएस लवकर सुरू करावं लागतं, कारण नॉर्मल सलाईनमध्ये पोटॅशियम नसतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसाला वेग सांभाळून द्यावं लागतं. तो निर्णय समोर उभ्या असलेल्या डॉक्टरचा.

हे मोजून केलं की काय होतं ते एकदा पाहावं. ऊसतोड करणारी एक बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली होती. डोळे आत गेलेले, नाडी मनगटाला नाही, प्रश्न विचारला तर ओठ हलायचे पण आवाज नाही. दोन्ही हातांना सुया लावल्या, बाटल्या हाताने दाबून पळवल्या. अर्ध्या तासात नाडी लागली, तासाभरात तिने पाणी मागितलं, दुपारी ती उठून बसून ओआरएस पीत होती. तोपर्यंत प्रतिजैविकाची एकही गोळी दिलेली नव्हती.

ती द्यायची असते, पण नंतर. मध्यम आणि गंभीर रुग्णाला उलटी थांबल्यावर डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस, मोठ्या माणसाला ३०० मिलीग्रॅम, किंवा ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस, एक ग्रॅम. याने जुलाबाचं प्रमाण आणि जंतू बाहेर पडण्याचे दिवस कमी होतात. गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन. गरोदरपणात कॉलरा झाला तर पोटातलं बाळ दगावण्याचा धोका असतो, तिला घरी ठेवूच नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जुलाब असतील तर झिंकची २० मिलीग्रॅमची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण. जुलाब बंद करणाऱ्या लोपेरामाइडसारख्या गोळ्या देऊ नका. बाहेर पडणारं दिसत नाही एवढंच होतं, आतड्यात पाणी साचतच राहतं आणि पोट फुगतं.

तपासणीबद्दल एक गोष्ट. शौचाचा नमुना शक्यतो प्रतिजैविकाआधी घ्यायचा आणि कॅरी-ब्लेअर माध्यमात (यात जंतू वाटेत टिकून राहतो) घालून प्रयोगशाळेला पाठवायचा असतो. त्याने साथ कॉलऱ्याची आहे हे ठरतं, कोणतं औषध चालेल हे कळतं. रुग्णाचा उपचार मात्र अहवालासाठी एक मिनिटही थांबवायचा नाही. आणि काही नमुने पॉझिटिव्ह आल्यावर गावातल्या प्रत्येकाची तपासणी मागत बसू नका. पाण्यासारखे जुलाब म्हणजे कॉलरा, असं धरूनच सगळ्यांवर उपचार होतात.

शिवल्याने होतो का? नाही. शेजारी बसून, बोलून, एकाच खोलीत झोपून कॉलरा होत नाही. तुमच्या आईला वेगळं टाकू नका. शेजाऱ्यांनीही टाकायचं कारण नाही. जंतू रुग्णाच्या शौचातून आणि उलटीतून बाहेर पडतो आणि दुसऱ्याच्या तोंडात गेला तरच आजार होतो. पाणी, अन्न आणि हात या त्याच्या तीन वाटा. बरं वाटल्यावरही, आणि ज्यांना काहीच त्रास झाला नाही अशांच्याही शौचातून एक ते दहा दिवस जंतू पडत राहतो. म्हणून आईने तेवढे दिवस इतरांसाठी स्वयंपाक करू नये. शौचालयच वापरावं, बाहेर जाऊ नये. तिची सेवा करणाऱ्याने आणि बाळाची आई असलेल्या बहिणीने साबणाने हात धुवावेत, विशेषतः स्तनपानाआधी आणि बाळाला भरवायच्या आधी. स्तनपान थांबवू नका, तेच बाळाचं सगळ्यात सुरक्षित पाणी आहे. वरचं पाणी आणि खिमट दोन्ही उकळलेलं. बाळाला जुलाब झाले तर त्याच तासाला वाटी-चमच्याने ओआरएस सुरू करून केंद्रात न्या.

रुग्णाचे कपडे आणि अंथरूण विहिरीवर, हातपंपाच्या ओट्यावर किंवा ओढ्यात धुऊ नका. साथ गावभर नेणारी ही ठरलेली वाट आहे. दहा लिटर पाण्यात साधारण ६० ग्रॅम टीसीएल घातलं की फरशी आणि शौचालय पुसायला योग्य पाणी होतं. कपडे त्यात दहा मिनिटं बुडवून, खळबळून उन्हात वाळवा. रंग जाईल अशी भीती असेल तर उकळा.

आता गावाचं दुखणं. तुम्ही लिहिलंय की रोज टीसीएल टाकतात. माझा पहिला प्रश्न: कुठे, किती, आणि नंतर तपासलं कुणी? साथ आली की गटाराच्या कडेने पांढऱ्या रेघा ओढलेल्या दिसतात आणि लोकांना समाधान वाटतं. त्या पावडरीचा कॉलऱ्याशी फारसा संबंध नाही. धुराच्या फवारणीचा तर अजिबात नाही, ती डासांसाठी असते. पावडर पिण्याच्या पाण्यात जायला हवी, मापून.

विहिरीचं गणित असं. व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग ३.१४ ने गुणून चारने भागा. आलेल्या संख्येला हजाराने गुणलं की लिटर मिळतात. चार मीटर व्यासाची विहीर, तीन मीटर पाणी: साधारण ३८ हजार लिटर. चांगल्या, ३३ टक्के क्लोरीनच्या टीसीएलचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅमपासून. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं तेव्हा पाच ग्रॅमपर्यंत लागतं, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. या विहिरीला म्हणजे ९५ ते १९० ग्रॅम. पावडर बादलीत थोड्या पाण्याने कालवून घट्टसर करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा आणि पाच-दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, चुना विहिरीत टाकू नका. ती बादली दोराने पाण्याच्या खाली सोडून वर-खाली हलवा, म्हणजे पाणी ढवळलं जाईल. कोरडी पुडी वरून रिकामी केली तर ती तळाशी जाऊन बसते. हे काम संध्याकाळी उपसा संपल्यावर करा, साथीत रोज. किमान एक तास पाणी काढू नका. पावडर कधीची आहे हेही विचारा. फाटक्या गोणीत, दमट खोलीत महिनोन्‌महिने पडलेल्या टीसीएलमधलं क्लोरीन उडून गेलेलं असतं आणि उरतो तो चुनाच.

मग ओटी टेस्ट. नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकतात. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंग लगेच, दहा सेकंदांत वाचायचा. वीस मिनिटांनी आलेला रंग कामाचं क्लोरीन दाखवत नाही. साथीत लिटरला ०.५ मिलीग्रॅम क्लोरीन उरलेलं हवं.

माझ्या मते साथीत सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे हीच टेस्ट घेऊन पाणी सुटायच्या वेळी गावभर चालणं. टाकीपासून सुरुवात करा आणि पाइपलाइनच्या मार्गाने घरोघर नळाचं पाणी तपासत शेवटच्या घरापर्यंत जा. टाकीखाली गडद पिवळं, शाळेपाशी पिवळं, दुकानापाशी फिकं, आणि खालच्या आळीत नळीतलं पाणी पांढरंच. जिथे रंग एकदम उतरतो, त्या दोन नळांच्या मध्ये खणा. बहुतेक वेळा तिथे काहीतरी सापडतं. सोबत रुग्णांची घरं गावाच्या नकाशावर खुणा करून मांडा. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ साली मृत्यूंच्या अशाच खुणा मांडून साथ एका हातपंपापाशी नेऊन पोहोचवली होती, जंतू कुणाला माहीत नसण्याच्या काळात. तुमच्या खुणा आणि फिकं पाणी एकाच आळीत पडले की ग्रामपंचायतीला पटवून द्यावं लागत नाही.

खणल्यावर काय दिसतं तेही सांगतो, म्हणजे नजर तयार होईल. व्हॉल्व्हचा खड्डा, त्यात गुडघाभर गटाराचं पाणी, आणि त्या पाण्यात बुडालेला ठिबकणारा व्हॉल्व्ह. पाणी सुटलेलं असताना आतून बाहेर गळतं, त्यामुळे कुणाला काळजी वाटत नाही. पण आपल्या गावांत पाणी दिवसाआड तासभर सुटतं. ते बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि खड्ड्यातलं पाणी उलट आत ओढलं जातं. पुढच्या वेळी पहिल्या पाण्याबरोबर ते खालच्या घरांत पोहोचतं. दाब कमी म्हणून लोक नळाला थेट मोटार लावतात. ती मोटार शेजारच्या गळतीतूनही पाणी ओढते. काही घरांत नळ जमिनीखाली खड्ड्यात घेतलेला असतो, म्हणजे धार मोठी येते. त्या खड्ड्यात न्हाणीचं पाणी साचतं, तोटी नसते. या तिन्ही गोष्टी मी जवळजवळ प्रत्येक साथीत पाहिल्या आहेत. टीसीएल दुप्पट करून यावर उपाय होत नाही. व्हॉल्व्ह वर काढा, खड्डा कोरडा करा, गटारातून जाणारा पाइप हलवा, मोटारी उतरवा. दुरुस्ती होईपर्यंत त्या आळीचा नळ बंद ठेवून क्लोरीन घातलेल्या टँकरचं पाणी द्या. इतर स्रोत बंद करून लोकांना वाऱ्यावर सोडू नका. पर्याय नसला की माणसं ओढ्याच्या किंवा पडक्या विहिरीच्या पाण्याकडे वळतात. २०२२ च्या जुलैत मेळघाटात, चिखलदरा तालुक्यात, दूषित विहिरीचं पाणी पिऊन कॉलऱ्याची साथ आली आणि माणसं दगावली. पिण्याचं पाणी बिघडलं की फक्त कॉलराच होतो असंही नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रोड भागात जीबीएसचे (नसांवर परिणाम करणारा गियाँ-बारे आजार) रुग्ण वाढले तेव्हाही संशय पाण्यावरच गेला.

घरात तोपर्यंत काय करायचं? पाणी खळखळ उकळा आणि किमान मिनिटभर उकळत ठेवा. झाकून ठेवा, लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. इंधनाची अडचण असेल तर आशाताईंकडून क्लोरीनचं द्रावण किंवा गोळ्या घ्या, बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला आणि अर्धा तास थांबा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. गढूळ पाण्याला तुरटी फिरवून, निवळून, मगच क्लोरीन घाला. कापडाने गाळण्याची आपली सवय सोडू नका. बांगलादेशातल्या ‘मतलब’ नावाच्या ग्रामीण भागात जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळलं तर कॉलरा जवळपास निम्म्याने कमी झाला, कारण हे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडात अडकतात. पण नुसत्या गाळण्याने पूर्ण संरक्षण मिळत नाही, साथीत तर नाहीच. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनी जास्त जपा. पोटातलं आम्ल जंतूंना मारतं, ते कमी झालं की थोडे जंतूही पुरतात.

सगळ्यांनी गोळ्या घ्याव्यात का? नाही. गावभर प्रतिजैविकं वाटल्याने साथ थांबत नाही, औषधाला न जुमानणारे जंतू मात्र वाढतात आणि खऱ्या रुग्णाच्या वेळी औषध चालत नाही. फार तर गंभीर रुग्णाच्या घरातल्यांना द्यायचं का, हे वैद्यकीय अधिकारी ठरवतील.

लसीबद्दल आपल्याकडे जुनी आठवण आहे. हाफकिन यांनी कोलकात्यात १८९४ मध्ये वापरलेली कॉलऱ्याची लस टोचायची होती, आणि पंढरीच्या वारीला निघताना कॉलऱ्याचं इंजेक्शन घेतल्याचं सांगणारे आजोबा तुमच्या गावातही असतील. त्या टोचणीचं संरक्षण अपुरं आणि थोड्या महिन्यांचं होतं, म्हणून ती मागे पडली. आताची लस तोंडाने देतात, दोन डोस, दोन आठवड्यांच्या अंतराने. कोलकात्यातल्या चाचणीत पाच वर्षांत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं. भारतात शांता बायोटेकची लस २००९ पासून होती, तिचं उत्पादन बंद झालं. भारत बायोटेकने २०२४ मध्ये नवी लस आणली. आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही, आणि जगभर साठा तुटपुंजा आहे. शिवाय लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला काही दिवस जातात. आज पेटलेल्या साथीत तुमच्या गावाला लसीची वाट पाहून चालणार नाही. वरचेवर साथ येणाऱ्या भागासाठी शासनाने तिचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

राहिली सप्ताहाची पंगत. जंतू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही तास ते पाच दिवस जातात. त्यामुळे शेवटच्या रुग्णानंतर दहा दिवस नवा रुग्ण नसेल तरच साथ संपली असं आम्ही धरतो. तोपर्यंत कीर्तन करा, हरिपाठ करा, पण महाप्रसाद आणि काल्याचं जेवण पुढे ढकला. हजार माणसं एका टाकीचं पाणी पितात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी जातात. साथ एका गावातून दहा गावांत जाते ती अशी. दहा दिवस उलटले आणि जेवण करायचं ठरलं, तर टँकर रिकामा करण्याआधी त्यातल्या पाण्याची ओटी टेस्ट करून घ्या. गेल्या पंधरवड्यात जुलाब झालेल्या कुणालाही स्वयंपाकाला किंवा वाढायला घेऊ नका. भात-आमटी गरम वाढा. सकाळी शिजवून संध्याकाळी वाढलेल्या भातात हा जंतू भराभर वाढतो. चटणी, कोशिंबीर, ताक, बर्फ या वर्षी नको. काल्याच्या लाह्यांत दही घालायचंच असेल तर शेवटी, ताजं, आणि धुतलेल्या पळीने. हात धुवायला साबण आणि वाहतं पाणी पंगतीच्या तोंडाशीच ठेवा, आणि आशाताईंना ओआरएसची पाकिटं घेऊन मंडपात बसायला सांगा.